एक थेंब रगात नाय

दोन मार्च. सकाळपासून चादरी फाडतेय. तारकर्लीला लॉज चालवणाऱ्या एक ओळखीच्या बाई आहेत, त्या जुन्या झालेल्या चादरी फेकून न देता माझ्यासाठी पोत्यात बांधून ठेवतात. डागांचं मला काही वाटत नाही. विरलेल्या मात्र उजेडात धरून बाजूला काढते, कारण दोन बाजूंनी जोर लावला की त्या टरकन फाटतात आणि नेमक्या वेळी फाटतात. डबलबेडची चादर मधोमध फाडली की दोन होतात. प्रत्येकीची लांब घडी घालायची, वीतभर रुंद, आणि दोरीने गुंडाळी करून ठेवायची. आंबे उतरवायला फिरणाऱ्या टोळ्या थोड्याच दिवसांत कामाला लागतील. प्रत्येक टोळीच्या टेम्पोत अशी एक गुंडाळी गेली पाहिजे, आणि ती कशी बांधायची ते निदान दोघांना आलं पाहिजे. दोघांनाच, कारण एकट्याला ती नीट बांधता येत नाही. यंदाही कुणीतरी कलमावरून पडेल. हे ऐकून लोक मला अपशकुनी म्हणतात. मी रुग्णालयात नर्स आहे, पडलेली माणसं माझ्याच हाताखालून जातात. मला शकुनाचं कौतुक सांगू नये.

चादरी फाडताना हात मोकळे असतात आणि डोकंही, म्हणून या चादरींमागची गोष्ट आजच लिहून टाकते. पुढे ढकलली तर पावसाळा येईल.

आमचं घर मालवणजवळच्या कट्टा गावापासून आत, डांबरी रस्ता सोडल्यावर लाल मातीच्या रस्त्याने गेलं की शेवटचं. त्यानंतर गडगा, म्हणजे चिऱ्यांच्या तुकड्यांची रचलेली बुटकी भिंत, आणि पलीकडे रान. घरात आम्ही तिघं. बाबा, आई आणि मी. दादा मुंबईला एका छापखान्यात होता आणि गणपतीला यायचा. थोडी भातशेती, काजूची काही झाडं, आणि गडग्याला लागून एकच मोठं हापूसचं कलम. बाकी सगळा सीझन बाबा लोकांची कलमं उतरवायचे. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली घळ खांद्यावर टाकून पहाटे निघायचे आणि दुपारी परत येऊन पेज मागायचे. उकड्या तांदळाची पेज, चुलीत भाजलेला सुका बांगडा, आणि मे महिना असला तर ओल्या काजूगरांची उसळ. ती उसळ मला अजूनही कुणी केली की बरं वाटतं, पण ओले काजू सोलून बोटांची सालं जायची तेही आठवतं, त्यामुळे मी स्वतः फारशी करत नाही.

बाबांची एक गंमत होती. जमिनीवर ते फार बोलत नसत. जेवताना, बाजारात, पाहुण्यांत, विचारलं तेवढं. पण झाडावर चढले की त्यांना कंठ फुटायचा. वरून त्यांना सगळी वाडी दिसायची आणि ते खाली आम्हाला ती सांगत राहायचे. कोणाची गाय कोणाच्या वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात, शिरली, एसटीतून कोण उतरलं, कोणाच्या परसात धूर जास्त होतोय. आई खाली काम करता करता ‘हूं, हूं’ करायची. मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असेच झाडावरून बोलतात. घरातले आवाज म्हटले की मला आजही दोनच आठवतात. पडवीत आंब्याच्या पेट्या ठोकल्याचा, आणि वरून, पानांतून येणारा बाबांचा.

आमचं ते गडग्याजवळचं कलम देवचाराच्या वाटेवर होतं. देवचार म्हणजे त्या जागेची राखण करणारा, जागेवाला. दर वर्षी आंबे उतरवण्याआधी त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग झाडाला हात लावायचा. याला आमच्याकडे राखण देणं म्हणतात. त्या वर्षी राखणीसाठी ठेवलेला कोंबडा मुंगसाने नेला. दुसरा पाळलेला नव्हता. आई म्हणाली, आता आंबे पिकायला लागलेत, उतरवून घ्या, राखण मागाहून देऊ. बाबा ‘बरा’ म्हणाले. एवढंच झालं होतं. हे मी इथे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर आमच्या घरात या एका वाक्यावाचून दुसरं काही शिल्लक राहिलं नाही.

मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन घरी होते. त्या दिवशी आई आणि मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून रातांबे फोडत होतो. रातांबे म्हणजे कोकमाची फळं. साल काढून त्याच्याच रसात बुडवून वाळवली की आमसुलं होतात. तो रस लालभडक असतो, मनगटापर्यंत हात रंगतात आणि रंग काही दिवस जात नाही. बाबा कलमावर होते. घळ फांदीवर घासल्याचा आवाज येत होता आणि मधून मधून त्यांचं बोलणं.

“विजू, तुझी काशीआते येता गो. हातात पिशवी आसा. रिकामी आसतली.”

“हळू बोला,” आई म्हणाली. “ऐकाक जायत तिका.”

“जांवदे. रिकामी पिशवी घेवन येता आणि भरून नेता, ह्या तिका म्हायत आसा, माका म्हायत आसा. मगे लपवचा कोणापासून?”

मी हसले. आई हसू दाबत होती. तेवढ्यात फांदी गेली. आंब्याची फांदी मोडते तेव्हा कडाड असा आवाज होतो असं लोक लिहितात. मी ऐकलेला आवाज ओल्या लाकडात पहार घातल्यासारखा होता. आतून किडीने पोखरलेली फांदी होती ती. बाबा गडग्यावर पडले, एका कुशीवर, आणि तिथून आमच्या बाजूला घरंगळले.

आम्ही धावलो. ते शुद्धीवर होते. डोळे उघडे, तोंड मातीने भरलेलं. आईने त्यांना धरलं आणि बनियनवर तिच्या हातांचे लाल ठसे उमटले. माझेही. काशीआत्या तेव्हाच बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, आत आली आणि तिने ते बघून हंबरडा फोडला.

“रगात! अगो, भावाक रगात इला!”

“रगात न्हय,” आई म्हणाली. “रातांबे.”

“काय नाय झाला,” बाबा म्हणाले. “कंबर गेली. वायच थांबा, उठतंय.”

‘कंबर गेली.’ या शब्दावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे कंबर म्हणजे बरगड्यांपासून मांड्यांपर्यंतचं काहीही. भात लावून वाकलेल्या बाईची कंबर जाते, बाळंतिणीची कंबर जाते, म्हाताऱ्याची तर गेलेलीच असते. कंबर जाणं म्हणजे बसणं, शेकणं, तेल लावणं. कंबर गेली म्हणून कोणी मरत नाही. त्यामुळे त्या शब्दाने सगळ्यांना धीर आला. शेजारची चार माणसं जमली, दोघांनी खांद्याखाली हात घातले, दोघांनी पाय धरले, आणि बाबांना उचलून पडवीत आणलं. उचलताना मधलं अंग लोंबत होतं. बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब आले ते मी पाहिलं.

मग भिवानाना आले. त्यांना बोलवायला कोणी गेलं नव्हतं. पलीकडच्या घरातून आरडाओरड ऐकून ते स्वतःच आले. नाना हाडं बसवायचे. गुरांचे पाय बसवता बसवता माणसांचे बसवायला लागले, आणि खरं सांगायचं तर चांगले बसवायचे. माझं निखळलेलं मनगट त्यांनीच बसवलं होतं, मला गोष्ट सांगता सांगता, कळायच्या आत. त्यांच्या हाताला लोक नावं ठेवत नसत आणि मीही ठेवत नाही. ते बाबांचे मित्र होते. दोघं मिळून संध्याकाळी गडग्यावर बसून बिडी ओढायचे आणि क्वचितच बोलायचे.

नानांनी बाबांचे दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले. उजवं पाऊल बाहेर पडलं होतं, जसं काही त्यांचं नव्हतंच. “हाड मोडूक नाय,” ते म्हणाले. “खुबो वायच सरकलो आसा. बसवतंय.” त्यांनी घोटे धरून पाय लांब केले, फाकवले, गुडघ्यात वाकवून बाहेर वळवले. मग दोन्ही तळवे खुब्याच्या हाडांवर ठेवून ती आत दाबली, बाहेर सोडली, पुन्हा दाबली. हाताला काही लागतंय का ते बघत होते. बाबांच्या तोंडून एक आवाज आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. नंतर नानांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला आणि बाबांच्या कमरेला करकचून बांधला. कमरेला म्हणजे आपण धोतर बांधतो तिथे, बेंबीच्या रेषेत. “आता बसवन ठेवा,” म्हणाले, “आडवो पडलो की कंबर धरतली.” पाठीला उशी लावून बाबांना भिंतीशी बसवलं.

“नाना, तान लागली,” बाबा म्हणाले. मी कोकमाचं सरबत केलं. ते प्यायले आणि पुन्हा मागितलं. पुन्हा दिलं. तहान भागत नव्हती. ओठ पांढरे पडत चालले होते, आणि माझ्या हाताला त्यांचं मनगट गार लागलं, मे महिन्याच्या दुपारी. थोड्या वेळाने हळूच आईला म्हणाले, लघवी करावीशी वाटते पण होत नाही. आईने त्यांची घळ कोपऱ्यात उभी होती ती उगाच उचलून बाहेर ठेवली, आणि आत येऊन म्हणाली, “गाडी हाडा. आता हाडा.” तिला वैद्यकी येत नव्हती. ती त्यांची बायको होती, एवढंच.

कट्ट्याच्या बाजारातून जीप येईपर्यंत वेळ गेला. चादरीची झोळी करून, बांबूला अडकवून त्यांना रस्त्यापर्यंत नेलं. तिथे पुन्हा उचललं, मागच्या सीटवर बसवलं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला नाना, पुढे मी. रस्ता त्या काळी काय होता ते मालवणच्या लोकांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघत होते. एका वळणावर जीप जोरात आदळली आणि बाबा डोळे मिटूनच म्हणाले, “मेल्या, हळू. पाठी आंबे नाय, मी आसंय.” ड्रायव्हर हसला. नानाही हसले. मला वाटलं, बोलतायत म्हणजे बरे आहेत. झाडावरून बोलायचे तसे बोलतायत.

चौके गावाच्या पुढे कधीतरी ते गेले. नक्की कुठे ते आईला माहीत असेल, तिच्या खांद्यावर डोकं होतं. तिने दवाखाना येईपर्यंत काही सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून शुद्ध मराठीत सांगितलं, “आत रक्तस्राव झाला असावा.” आम्ही ऐकलं. कळलं कोणालाच नाही. आत म्हणजे कुठे? पोट फुटलं नव्हतं, डोकं शाबूत होतं, अंगावर साधं खरचटलेलं तेवढं. घरी आणून आंघोळ घालताना वाडीतल्या माणसांनी पाहिलं की बनियनवरचे लाल डाग आमच्या हातांचे होते आणि खाली कातडीवर काही नव्हतं. रक्त नव्हतं, तर माणूस गेला कसा? या प्रश्नाला उत्तर पाहिजे होतं, आणि काशीआत्याने ते दिलं. दिवस संपायच्या आतच, माणसांनी भरलेल्या खळ्यात.

“एक थेंब रगात नाय अंगार. असो माणूस जाता काय? जागेवाल्यान नेल्यान तेका. हिणा राखण चुकवल्यान.”

आई तिथेच बसली होती. तिने मान वर केली नाही. तिचे हात अजून लाल होते, कारण घासूनही तो रंग जात नव्हता. बोलले ते भिवानाना.

“काशये, गप रव. वैनीक बोलान तुझो भाव परत येतलो काय?”

“तू कित्या मधी पडतंस? तुझ्या हातान तरी खंय राहवलो?”

त्या रागाच्या वाक्यात आत्या खऱ्याच्या किती जवळ गेली होती हे तिला कळलं नाही, नानांना कळलं नाही, मलाही नाही.

त्यानंतर वाडीने आईला वाळीत वगैरे टाकलं नाही. तसं काही नाटकी झालं नाही. फक्त सत्यनारायणाला हाक येईनाशी झाली. लग्नाच्या मांडवात ती एका बाजूला भाजी चिरायला बसायची आणि तिच्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. राखण चुकवून नवरा घालवलेली बाई म्हणून तिची ओळख झाली, आणि तिने ती निमूटपणे घेतली. ती वर्षाला एकाऐवजी दोन कोंबडे द्यायला लागली. राखण पुरुषमाणसाने द्यायची असते. दादा मुंबईला, म्हणून भिवानाना यायचे, आपणहून. नारळ हातात धरून, डोळे मिटून आमच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे, ‘चुकली माकली असात ती पदरात घे आणि ह्या लेकरांची राखण कर रे महाराजा.’ आई मागे हात जोडून उभी असायची. सगळ्या वाडीत आमच्या खळ्यात विचारल्याशिवाय येणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

मी नर्सिंगला गेले, कोल्हापूरला. सेवाभाव वगैरे नव्हता. प्रवेश मिळाला, राहायची सोय होती, आणि घरात दोघींनी एकमेकींची तोंडं बघत बसण्यात अर्थ नव्हता. शिक्षणाचं दुसरं वर्ष असताना एकदा अपघात विभागात ड्युटी होती. बांधकामावरून पडलेला एक गवंडी आणला. पांढराफटक, गार, पाणी मागतोय, अंगावर जखम नाही. आणि एक पाऊल बाहेर पडलेलं. मी त्या पावलाकडे बघत उभी राहिले. आमचे सर्जन मोठ्याने म्हणाले, “जमिनीवर रक्त शोधू नका. ते आत आहे. चादर आणा.” एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. गुडघ्यांच्या खोलगटातून घडी घातलेली चादर खाली सरकवली आणि मी सवयीने ती कमरेपर्यंत वर ओढली.

“कमरेला नाही!” ते ओरडले. “खाली. खुब्यावर. मांडीच्या वरच्या टोकाला बाजूला हाडाचा उंचवटा लागतो ना, त्यावर. वर बांधलीस तर उपयोग तर नाहीच, उलट फट वाढेल. आता ओढ.”

आम्ही समोरासमोर उभे राहून ओढली आणि बांधली. तो गवंडी जगला, काठी टेकत घरी गेला. संध्याकाळी सिस्टरांनी आम्हाला हाडांचा सांगाडा समोर ठेवून समजावलं. ओटीपोटाची हाडं म्हणजे एक कडं असतं. उंचावरून पडल्यावर ते कडं मोडतं आणि उघडतं. आतल्या शिरा फाटतात, आणि उघडलेल्या त्या जागेत अंगातलं इतकं रक्त मावतं, की माणूस बाहेर एक थेंब न सांडता मरू शकतो. कडं बाहेरून आवळून मिटवलं की जागा कमी होते, रक्त साकळून थांबायला मदत होते. म्हणून पाय फाकवायचे नाहीत, हाडं दाबून बघायची नाहीत, बसवायचं नाही, कुशीवर लोळवायचं नाही. रक्ताची जी गाठ जमलेली असते ती प्रत्येक हिसक्याला सुटते. मी सगळं उतरून घेतलं. अक्षर चांगलं आलं होतं.

सुट्टी मिळाली तशी घरी गेले. योगायोगाने राखणीचा आदला दिवस होता. कोंबडा पडवीत पाटीखाली झाकलेला होता. आईने आंबोळ्या केल्या होत्या, आणि सोबत काळ्या वाटाण्यांचं सांबारं. दिवेलागणीला जेवून झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, चुलीजवळ, हातांनी कडं करून दाखवत. तिने सगळं ऐकलं. संपल्यावर म्हणाली, “म्हणजे राखणीचा काय नाय?”

“नाय.”

“मुंगसान कोंबो नेल्यान, तेचा काय नाय?”

“काय नाय. फांदी किडकी होती.”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान एक मोठा श्वास सोडेल. तिने भांडी ओढली आणि घासायला घेतली. बऱ्याच वेळाने विचारलं, “आणि नानान पाय फाकवल्यान, दाबून बघल्यान, ता?”

मी खाली बघत ताटं गोळा करायला लागले. तिने वळून पाहिलं. मग सांगावंच लागलं. “तेना रगात वाढला असतला.”

“पंचो?”

“वर बांधल्यानी. कमरेक. खाली होयो होतो.”

“तसा बांधला असता तर वाचले असते?”

“सांगाक येणा नाय. हॉस्पिटलापर्यंत कदाचित पोचले असते.”

ती राखेचा हात तसाच धरून बसली. “नानाक सांगू नको,” ती म्हणाली.

“आये, कलमांचे दिवस आसत. कोण पडलो की पयले नानाच जातले. परत तसाच करतले.”

“सांगलंस तर तो मरात. तुका म्हायत नाय, त्या दिवसापासना गडग्यार बसणा नाय तो. सगळ्यांनी पाठ केल्यानी तेवा तोच एकलो ह्या खळ्यात येय होतो. तेका मी सांगू, तूच मारलंस म्हणान?”

“मगे लोकांनी तुका बोलत रवाचा?”

“माझ्यार आसा ता माझ्यारच आसांदे. माका सवय झाली.” तिने तवा आपटला. “देवचाराक कोंबो दिलो की तो गप बसता. ह्या तू हाडलंस, तेका काय दिवचा, सांग.”

रुग्णालयात आम्ही नातेवाइकांना सगळं खरं सांगतो आणि पुढच्या खाटेकडे जातो. त्या सांगितलेल्याचं त्यांनी घरी नेऊन काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. एवढं मात्र मला कळत होतं, की आईचं नाव मोकळं करायचं तर नानांचं बुडवावं लागेल, आणि दोन्ही तसंच ठेवायचं तर वाडीतला आणखी कोणीतरी बापई माणूस भिंतीला टेकून सरबत पीत मरेल. पहिल्या गोष्टीचा हक्क आईचा होता. तिने तो सोडला. दुसरीचा मी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या पेटीतली सगळ्यात जाड चादर काढली. लांब घडी घातली. खळं झाडून घेतलं. नाना नारळ घेऊन बेड्यातून आत आले तेव्हा आई मागच्या दारी कोंबडा धरत होती.

“नाना, राखण मगे. आधी माका बांधा.”

“तुका? कित्या गो? कोणाबरोबर पळान जातलंस काय?”

“मी कलमावरना पडलंय असा समजा. कोल्हापुराक शिकवतत ता दाखवतंय तुमका.”

“शुभ बोल वायच. सणासारको दिवस आसा.”

मी सरळ खळ्यात आडवी पडले. शेणाने सारवलेली जमीन पाठीला गार लागली. नानांनी नारळ पडवीच्या कट्ट्यावर ठेवला, हसत हसत माझ्या पायाशी बसले आणि सवयीने दोन्ही घोटे धरले.

“फाकवचे नाय, नाना. जुळवचे. दोनय पावला एकठय बांधा. गुडघे पण.”

ते थांबले. मग पंचाने माझे घोटे बांधले, दुसऱ्या फडक्याने गुडघे. चादर कुठून घालायची ते मी सांगितलं, गुडघ्यांखालून. तीही त्यांनी घातली, हलक्या हाताने, मला जरासुद्धा हलू न देता. त्यांचे हात खरंच चांगले होते. मग चादर वर सरकवत त्यांनी कमरेपर्यंत आणली आणि गाठ मारायला टोकं उचलली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“थंय न्हय, नाना. खाली. खुब्यार.”

आई कोंबडा काखेत धरून उभी होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ. चादरीची टोकं त्यांच्या हातात तशीच होती. मग त्यांनी चादर खाली घेतली, चाचपून दोन्ही बाजूंचे हाडाचे उंचवटे शोधले आणि तिथे आणून ठेवली. बरोबर तिथेच.

“हय?” त्यांनी विचारलं. विचारलं आईला.

“हय.”

त्यांनी एकट्याने ओढून बघितली. चादर एका बाजूला सरकली.

“एकट्याक जमणा नाय,” मी म्हटलं. “समोरना दुसरा माणूस होया.”

आईने कोंबडा सोडून दिला. तो फडफडत गडग्याच्या दिशेने पळाला. ती माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन गुडघ्यांवर बसली, चादरीचं टोक हाताला गुंडाळून घेतलं, आणि नानांच्या समोर, अंगातला सगळा जोर लावून ओढायला लागली.